पाऊण पेला पाणी

आळंदला खोली शोधत फिरत होते तेव्हा तिघांनी मला एकच सल्ला दिला, "त्या विमानवाल्या अक्काकडं सोडून कुठंबी घ्या." म्हणून मी सरळ तिथंच गेले. आमच्या औरादकडची माणसं तशीच. जिकडे जाऊ नका म्हणाल तिकडे आमचे पाय आधी वळतात.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. कडक इस्त्रीची साडी, निऱ्यांना पिन, गच्च अंबाडा आणि ओठांना लाली. आळंदच्या त्या गल्लीत, सकाळी साडेसातला! हात जोडून, मान जराशी कलती करून त्या म्हणाल्या, "या. आपलं स्वागत आहे." माझ्याकडे एक ट्रंक आणि एक बादली होती. बादलीचं असं स्वागत त्याआधी कुणी केलं नसेल.

खोली दाखवायच्या आधी त्यांनी दारं दाखवली. पुढचं, स्वैपाकघरातलं, आणि तिसरं गच्चीवरून शेजारच्या गच्चीत उतरायचं. बोटानं नाही, अख्खा तळहात पसरून. मग म्हणाल्या, "आता डोळे मीट आन तिसऱ्या दारातनं भायेर जाऊन दाखव."

"कामून?"

"धूर झाला तर डोळे उघडे असून काय करणार हाईस?"

डोळे मिटून गेले आणि शेजारणीनं वाळत घातलेल्या पापडांवर पाय पडला. शेजारीण जे बोलली ते कानडीत होतं, म्हणून इथं देत नाही. अक्का मात्र खूश होत्या. "पापड गेले, पर तू भायेर पडलीस की न्हाई?"

मग त्यांनी विचारलं, काम काय करतेस. बसवर कंडक्टर आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मी मागे वळून पाहिलं, कुणी मोठं माणूस आलंय की काय.

"म्हंजी आपला धंदा एकच की गं!"

मादन हिप्परगा ते आळंद ही माझी फेरी. कोंबड्या, कडबा, उलट्या करणारी पोरं, आणि सुट्ट्या पैशांवरून भांडणारे म्हातारे. आणि या बाई पूर्वी विमानात होत्या, हवाई सुंदरी म्हणतात ना, त्या. आपल्या भागातली पहिलीच असावी. पण त्यांनी एकदा एक धंदा म्हटलं ते म्हटलं. त्या दिवसापासून मी भाडेकरू उरले नाही, हाताखालची पोर झाले.

संध्याकाळी कामावरून आले की त्या दारात उभ्या. "काय झालं आज?" मी सांगायची, इतकी तिकिटं, इतकी भांडणं. त्यांना तिकिटांत रस नसे. "तिकीट ही आपल्या धंद्यातली सगळ्यात बारकी गोष्ट. माणूस एकदा चढला की उतरेपत्तर आपला. शिव्या दिल्या तरी आपला." मग त्या चहा आणायच्या. साधा चहा, पण ट्रेमधून, आणि कप पाऊणच भरलेला. पहिले चार दिवस मला वाटलं, बाई चिक्कू आहेत. पाचव्या दिवशी विचारलंच.

"काठोकाठ भरलं की सांडतंय. विमान काय सांगून हलतंय का?"

"अक्का, हे घर हाय. हे हलत न्हाई."

"हलंना झालं. आपुन हललेलं मानून चालावं."

त्या घरात प्रत्येक कपाटाला खिटी होती, आणि डबा घेतला की खिटी लावायची. एकदा मी विसरले तर त्यांनी तासाभरानं मला खाली बोलावून ती खिटी दाखवली. नुसत्या हसल्या. त्यांचं ते हसू रागापेक्षा वाईट होतं. आतलं काही कळू न देता तासन् तास टिकणारं, पगारी हसू.

कुठंही गेल्या की आधी बाहेर पडायची वाट बघायच्या. लग्नात मांडवात शिरल्या की नवरानवरीकडे नंतर, आधी मांडवाच्या चारी बाजू. एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला चूल हलवायला लावली, कारण ती वाटेत होती. वरपक्षाचे लोक चिडले. अक्कांनी त्यांना मराठीत, कानडीत आणि हैदराबादी उर्दूत, तिन्ही भाषांत दिलगिरी सांगितली, पण चूल हलवली ती हलवलीच.

आणि मोजायच्या. अंड्याएवढं एक स्टीलचं यंत्र होतं त्यांच्याकडे. अंगठ्यानं दाबलं की टिक होतं आणि एक आकडा पुढे सरकतो. ते उजव्या हातात धरून हात पाठीमागे घ्यायच्या, चेहऱ्यावर हसू, आणि मागे टिक, टिक, टिक. समोरच्याला वाटायचं अक्का आपल्याकडे पाहून हसल्या. प्रत्यक्षात अक्कांनी त्याला मोजलेलं असायचं. दिवेलागणीला पुढचं दार लावतानाही मोजायच्या. एकच टिक.

"अक्का, घरात दोघी हाव की आपण."

"तू एक. मी धरायची नसती त्यात. मी कामावर हाय."

आता हे सगळं त्या कुठून शिकल्या ते सांगते. जन्म मादन हिप्परग्याचा, शेतकऱ्याचं घर. मामा हैदराबादेत नोकरीला, त्यांच्याकडे ठेवून शाळा केली. तिथं नन्सकडून इंग्रजी आलं, गल्लीतून उर्दू आली, मराठी-कानडी घरून होतीच. पेपरातली जाहिरात वाचून मुलाखतीला गेल्या. तिथल्या साहेबांनी चालून दाखवा म्हटलं. या शेतातून डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या पोरी, यांना चालायचं काय कौतुक? एका फेरीत निवड. घरी कळवलं, विमानाच्या हापिसात लागले. खोटं नव्हतं. फक्त ते हापीस उडतं, एवढं सांगायचं राहिलं.

दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. मग आळंदचे एक कापडवाले मुंबईहून हैदराबादला विमानानं निघाले. अक्कांनीच त्यांना आधी ओळखलं आणि भाबडेपणानं आपल्या बोलीत म्हणाल्या, "काका, पट्टा बांधा." काका गहिवरले. दोनदा जेवले. आणि आळंदला पोचून सगळ्या बाजारात सांगितलं की हिप्परग्याची पोरगी परक्या गड्यांची उष्टी ताटं उचलायलीय.

"दोनदा जेवले हे कुनालाच सांगितलं न्हाई बघ त्यांनी," अक्का म्हणायच्या. इतक्या वर्षांनीही त्यांचा राग तेवढ्यावरच होता.

ही गोष्ट त्यांच्या थोरल्या भावाला चावडीसमोर ऐकावी लागली. अण्णा तेव्हा पंचविशीतले, तापट. चारचौघांत बोलून गेले, हिच्या हातचं पाणी आता पिणार नाही. रागात बोललेलं माणूस विसरतं. पण चारचौघांत बोललेलं विसरायची सोय नसते. त्या गोष्टीला मी आळंदला गेले तेव्हा पन्नासाच्या आसपास वर्षं होत आली होती.

बाकी अक्कांचं काही अडलं नाही. लग्न केलं की नोकरी सोडायची, असा त्या काळचा नियम होता. तीन स्थळं आली. "तिघंबी चांगले व्हते गं," त्या म्हणायच्या, "पर त्यांच्यातला एकबी उडत नव्हता." पुढे वय झालं म्हणून कंपनीनं जमिनीवर आणलं, तर नव्या पोरींना शिकवायचं काम घेतलं. साडी नेसायला नव्हे, ओरडायला शिकवायच्या. सामान सोडा, इकडे या, उडी मारा. पोरी लाजायच्या. अक्का त्यांना घसा बसेपर्यंत ओरडायला लावायच्या.

"ताटं देणं हे काम न्हवं," एकदा त्यांनी मला सांगितलं. "ते आपलं वेळ जायाला. काम एकच, वेळ आली तर दार उघडून माणसं भायेर काढायची. मी उभी जिंदगी त्या वेळेची वाट बघितली. आली न्हाई. देवाची किरपा." हे म्हणताना त्या जरा हिरमुसल्यासारख्या दिसल्या, आणि ते माझ्या लक्षात आलंय हे बघून लगेच हसल्या.

निवृत्त झाल्यावर मुंबईत राहता आलं असतं. पण आळंदला घर घेतलं, कारण तिथून हिप्परग्याला थेट बस होती. येळवशीला जायला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे लहानसं खोपटं करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि मग भज्जी, उंडे, खिचडा आणि मडक्यातली आंबील. अक्का दर येळवशीला भावाच्या शेतात जायच्या. एका वर्षी मलाही नेलं.

पंगत बसली. अक्कांनी आंबिलीचं मडकं घेतलं आणि ओळीनं पेले भरत निघाल्या, पाऊण पाऊण. कुणाच्या अंगावर थेंब नाही, कुणाकडे पाठ नाही. अण्णांपाशी आल्या. अण्णांनी पेल्यावर हात ठेवला. अक्का हसल्या, ते टिकणारं हसू, आणि पुढच्या माणसाकडे सरकल्या. मागून वहिनी दुसरं मडकं घेऊन आल्या आणि नवऱ्याला वाढलं. कुणीही वर पाहिलं नाही. सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं ते. परत येताना मी चिडून म्हटलं, "अक्का, कशाला जाता हो?"

"पेल्यावर हात ठेवायला तरी त्याला मी लागती की," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

त्यानंतरच्या वर्षाची गोष्ट. येळवशीचा दुसरा दिवस, सकाळची माझीच फेरी. हिप्परग्याला गाडी भरली. येळवस करून परतणाऱ्या लेकीबाळी, आळंदच्या बाजाराला निघालेले लोक. अण्णांनी नव्या तुरीची चार पोती आणली होती आणि ती गाडीच्या मागच्या दाराला लावून ठेवली होती. संकटात उघडायचं ते दार. आमच्याकडे ते पोती ठेवायलाच असतं असा सगळ्यांचा समज, आणि खरं सांगायचं तर माझाही. अक्का मात्र गेलं वर्षभर त्याच दारासाठी माझ्या मागे लागल्या होत्या. दर रविवारी डेपोत येऊन मला त्याचा दांडा ओढायला लावायच्या. त्यांच्या आग्रहानं मी बिजागऱ्यांना खोबरेलसुद्धा घातलं होतं. डेपोतले लोक म्हणायचे, कंडक्टरबाई गाडीची वेणीफणी करायलीय.

येळवस करून परत निघालेल्या अक्का चढल्या, पोती बघितली आणि उभ्याच राहिल्या. "काढ ती."

"अक्का, उशीर व्हायलाय. आजच्या दिवस..."

"काढ. न्हाईतर मी बसत न्हाई."

गाडीत गलका झाला. अण्णा पुढून माझ्यावर ओरडले, "कंडक्टरबाई, गाडी तुमची हाय का त्यांची?"

खरं तर मला अक्कांचाच राग आला होता. सगळ्या गावासमोर शोभा करायलेत म्हणून. पण त्या दाराला खोबरेल मी घातलं होतं. हातानं घातलेल्या गोष्टीवर माणसाचा जीव जडतो. "गाडी माझी हाय," मी म्हटलं, आणि पोती टपावर चढवायला लावली. दहा मिनिटं गेली. ड्रायव्हरनं कानडीत माझा उद्धार केला. अण्णा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर तोंड फिरवून बसले. अक्का अगदी मागे, आपल्या त्या दाराजवळ बसल्या. मशीनवर अडतीस तिकिटं झाली आणि आम्ही निघालो.

सहा-सात किलोमीटर गेलो असू. पुढून, इंजिनाकडून, धूर आला. आधी थोडा, मग भसाभसा. एका उंदरानं वायर कुरतडली होती असं नंतर कळलं, पण तेव्हा एवढंच दिसत होतं की चढायचं दार धुरात गेलंय. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली आणि सगळी माणसं उठून त्याच धुरातल्या दाराकडे लोटली. रोज तिथूनच उतरतात ना! मी मधे चेंगरले.

तेव्हा मागून आवाज आला. मी त्या बाईंबरोबर एका घरात राहत होते, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मागं या! सामान सोडा! मागं!"

मग कानडीत, मग उर्दूत, मग पुन्हा मराठीत. माणसं वळली, त्यांच्याबरोबर मीही. का वळली कुणालाच सांगता आलं नाही. खोबरेल घातलेलं दार एका ओढीत उघडलं. अक्कांनी मला आधी खाली उतरवलं, "तू धर एकेकाला," आणि त्या दारात उभ्या राहिल्या. एक हात दांड्याला, दुसरा प्रत्येकाच्या पाठीवर. "उडी! उडी! चप्पल ऱ्हाऊ दे! उडी!" एका बाईला माहेरची लुगड्याची पिशवी सोडवेना, अक्कांनी ती हिसकली आणि मागे भिरकावली. अण्णा खोकत, डोळे चोळत आले. दारात थबकले. "अण्णा, उडी!" आणि अण्णांनी उडी मारली. धाकट्या बहिणीचं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं.

शेवटी अक्का स्वतः उतरल्या. पदर खोचलेला, अंबाडा जागच्या जागी. सगळ्यांना त्यांनी लिंबाखाली ओळीनं बसवलं. शेजारच्या शेतातली एक बाई घागर आणि तांब्या घेऊन पळत आली. लोक पाण्यावर झडप घालणार, तेवढ्यात अक्कांनी हात वर केला. "कुनी हलू नका." आणि यंत्र घेऊन मोजत निघाल्या. टिक, टिक.

अण्णा घसा धरून बसले होते. डोळ्यांतून पाणी, छाती भात्यासारखी वरखाली. त्यांनी अक्कांना घरच्या नावानं हाक मारली. ते नाव मी इथं लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. "पाणी दे गं," ते म्हणाले.

ओळीतलं सगळं हिप्परगं वळून बघायला लागलं. पन्नास वर्षं त्या गावात ज्याची वाट कुणी बघणंही सोडलं होतं, ते शब्द होते. आणि अक्का काय म्हणाव्यात?

"गप बस. मोजायले."

मोजून झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मशीन किती सांगतंय?"

"अडतीस."

"सदतीसच हायत."

त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा मोजलं. सदतीस. मी आणि ड्रायव्हर त्यात नव्हतो, तिकिटाचीच माणसं. बसमधून धूर निघतच होता. अक्कांनी पदराचं टोक घागरीत बुडवलं, नाकाला लावलं आणि गाडीकडे निघाल्या. मी "अक्का, नका!" म्हणून ओरडले, पण माझे पाय जागचे हलेनात. हे सांगायला आजही लाज वाटते.

हलले ते अण्णा. खोकत उठले, धावले आणि त्यांनी बहिणीचं मनगट धरलं.

"कुठं चाललीस?"

"एक माणूस आत हाय, अण्णा. सोड."

"तिकीट काढलीस का न्हाई तू?"

"काढले की."

"मग? सोताला धरलीस का त्यात?" अण्णांचा आवाज फाटला. "अडतिसावी तू हाईस की गं येडे!"

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्या तिथंच धुळीत, इस्त्रीच्या साडीनिशी, मटकन खाली बसल्या. हसू कुठल्या कुठं गेलं होतं. त्या रडत होत्या, आणि मीही.

अण्णांनी तांब्या घागरीत बुडवला, काठोकाठ भरला आणि घाईनं त्यांच्या तोंडाशी नेला. अर्धं पाणी साडीवर सांडलं.

"पाऊणच भरायचं असतंय, अण्णा," अक्का हुंदका देत म्हणाल्या.

"पी गप."

त्या दोन घोट प्यायल्या आणि तांब्या बाजूला केला. तळाशी पाणी उरलं होतं. अण्णांनी तांब्यात पाहिलं. मग ओळीनं बसलेल्या सगळ्या गावाकडे पाहिलं. आणि तांब्याला तोंड लावून बहिणीचं ते उष्टं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

मग मिशा पुसून माझ्याकडे वळले. "माझी तूर टपावर बरी हाय का बघा की, कंडक्टरबाई."

तूर बरी होती. गाडीही दुसऱ्या आठवड्यात रस्त्यावर आली. पुढच्या येळवशीला अण्णांनी आंबिलीचा पेला दोनदा पुढे केला, आणि दुसऱ्यांदा अक्का म्हणाल्या, "त्या कापडवाल्या काकावानी करू नको."

अक्का जाऊन आता दोन वर्षं झाली. ते मोजायचं यंत्र त्यांनी माझ्यासाठी ठेवलं, सोबत चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. मी अजून त्याच फेरीवर आहे. सकाळी हिप्परग्याला गाडी भरली की मागचं दार एकदा उघडून बघते, मग हात पाठीमागे घेऊन मोजत निघते. सगळी माणसं मोजून झाली की घंटी मारायच्या आधी अंगठा आणखी एकदा दाबते. ती टिक माझी असते.